जर्मनचा डोंगा

सुपड्या, जन्मभर मी तुला 'मेल्या' म्हणत आले. ओल्या पायांनी ताज्या सारवणावर आलास, मेल्या. भाकरी थापायच्या आधीच कालवण ओरपून मोकळा झालास, मेल्या. हक्काची ती एक शिवी होती, तीही तू माझ्या तोंडातून काढून घेतलीस. तुझं तेरावं उरकून मी मलकापुरात परत आले. भट्टी पेटवली, फुटाणे भाजायला बसले, आणि कढईतली वाळू परतता परतता तुझ्याशी भांडायला लागले. तुझे भाऊजी आतून म्हणाले, "कोणाशी बोलून राह्यली वं?" मी म्हटलं, "आहे एक मेला." आणि मग असं रडू फुटलं की घाणाभर फुटाणे करपून गेले. गिऱ्हाईक तसंच परत गेलं. तेही तुझ्याच खात्यावर.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तेराव्याला सगळे बोललेच. कोणी म्हणालं सुपडा देवमाणूस, कोणी म्हणालं त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही. वाकडा नाही आला, हे खरं. सरळही आला नाही. तू बोलतच नव्हतास. तुझ्या शेजारी जाळं विणायला बसलं की समजायचं. मी बांधलेली गाठ तुला पसंत पडली नाही तर तू सांगायचा नाहीस. मी पाणी प्यायला उठले की गुपचूप सोडायचास आणि पुन्हा बांधायचास. मी परत येऊन बसले की मख्ख चेहऱ्यानं पुढं विणत राहायचास. असल्या देवमाणसाबरोबर लहानाची मोठी झालेली मी आहे, मला कोणी सांगायला नको.

आणि तुझ्यावर रागवायचा माझा हक्क तुझ्या बायकोपेक्षा, काशीपेक्षाही जुना आहे. तुझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तू जन्मल्यावर मायनं तुला सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवलं. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कोण नेतं. मग तिनं मला ढकललं, "जाय, उचल. आता हा तुह्या." मी परकरात तोल सांभाळत तुला उचलून आणलं. म्हणून तर तू सुपडा. मी उचललेला, माझा. लग्न होऊन मलकापुरात भट्टीवाल्याच्या घरी आले तरी तू माझाच होतास, आणि तुला ते ठाऊक होतं, आणि त्याचाच तू फायदा घेतलास.

तो डोंगाही तुला मीच दाखवला. नसता दाखवला तर बरं झालं असतं. भट्टीला जळण म्हणून सरकीची फोलं आणायला मी कापसाच्या जिनात जायची. लढाई संपल्यावर पलटणीचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं होतं, ते जिनाच्या मालकानं मालगाडीनं आणून मागच्या आवारात टाकलं होतं. तारांची भेंडोळी, गंजके पिंप, आणि बाभळीखाली पालथी घातलेली एक लहानशी होडी. आपल्या डोंग्याएवढीच, पण लाकडाची नव्हे. पातेल्या-परातीचा जो पांढरा पत्रा, ज्याला आपण जर्मन म्हणतो आणि शिकलेले लोक ॲल्युमिनम म्हणतात, त्या पत्र्याची. तिच्याखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. जिनातला पहारेकरी म्हणाला, हा डोंगा जर्मन लोकांकडून लढाईत जिंकून आणला, म्हणून जर्मनचा. मी म्हटलं, मग माझं भाताचं पातेलंही कुठल्या तरी लढाईतलंच असेल.

बाजाराच्या दिवशी तू मासळी घेऊन आलास तेव्हा तुला मी तिथं घेऊन गेले. तू डोंग्याभोवती फिरलास. मडकं वाजवून बघावं तसं बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवलंस. एक कूस आत चेपली होती, तळाची शिवण उसवली होती, पत्रे जोडणाऱ्या रिबिटा उडालेल्या होत्या, आणि कोणी ठोकरलं होतं देव जाणे, तळाला आरपार भोकं होती. मला वाटलं, हा आता नाक मुरडणार. तू एका टोकाला हात घालून तो उचललास आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "अक्का, हल्का हाये वं! काशी एका हातानं वढीन." तुझं लग्न ठरलं तेव्हाही तू इतका हसला नव्हतास. तुझ्या भाऊजींनी मुनिमाला शब्द टाकला, मुनीम म्हणाला घेऊन जा, आवार तेवढंच मोकळं होईल. कापूस उतरवून रिकामी निघालेली एक गाडी आपल्या गावाकडे जात होती, तिच्यावर डोंगा चढवला. गाडीत जागा होती तरी तू बसला नाहीस. डोंगा घसरू नये म्हणून त्याला मागून हात लावून थेट पूर्णेच्या घाटापर्यंत चालत गेलास. तो हात डोंग्याला किती लागला आणि नुसता ठेवलेला किती होता, ते मला चांगलं कळत होतं.

इथपर्यंत मी तुला नावं ठेवत नाही. पुढचं ऐक.

लाकडी डोंगा उन्हानं तडकला की आपण काय करतो? दगड भरतो आणि डोहात बुडवून ठेवतो. फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी आपोआप मिटतात. आज्यानं तेच केलं, बापानं तेच केलं. संक्रांतीला मी माहेरी आले तर तू काठावर उकिडवा बसून डोहाकडे बघत होतास.

"डोंगा कुठं हाये?"

"फुगून राह्यला."

"काय?"

"पाण्यात हाये. फुगू दे."

"अबे, पातेलं कधी फुगलेलं पाह्यलं का तू?"

तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "पातेलं वेगळं, डोंगा वेगळा."

डोंगा बाहेर काढला तेव्हा बुडवला होता तसाच निघाला, फक्त भरपूर झिंगे घेऊन. पुढं कितीतरी दिवस जो तो तुला विचारायचा, सुपडा, फुगला का बे? मला त्या वेळी तुझा नाही, गावाचा राग आला होता. आपल्यातल्या कोणीही तेच केलं असतं, आणि हसणाऱ्यांतला एकही जण बुडवण्याआधी तुला अडवायला आला नव्हता. पण त्या झिंग्यांचं काशीनं लालभडक कालवण केलं, आपण तिघं चुलीपुढं बसलो, आणि जेवता जेवता तू स्वतःच हळूच म्हणालास, "फुगला असता तं दोघं जास्तीचे बसले असते." आपण इतके हसलो की तुला ठसका लागला, काशीनं तुझ्या पाठीवर थापट्या मारल्या. ते जेवण मी विसरणार नाही. तुझ्यावर कितीही चिडले तरी ते तुझं मी तुला देऊन टाकते.

मग तू डोंग्याचा एक निखळलेला तुकडा घेऊन आमच्या गल्लीतल्या रहीमचाचांकडे आलास. कंदील आणि पत्र्याच्या पेट्या झाळणं हा त्यांचा धंदा. त्यांनी तुकडा तापवला, कथील लावलं, तर कथील गोळी होऊन खाली घरंगळलं. चाचा म्हणाले, "सुपडा मियाँ, जर्मन को कथील नहीं पकडता. रिबिट मारो. ऊपर जर्मन का ही ठिगळ लगाओ." तू विचारलंस, ठिगळाला पत्रा कुठून आणू. ते म्हणाले, "कोई पुरानी परात ढूंढो." यात चाचांचा काहीएक दोष नाही. तू कोणाची परात शोधशील, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत?

आपल्या घरात जर्मनची परात एकच होती. मायची. काठाला पोचा पडलेली, मोठी. ती डोक्यावर घेऊन माय मासळी विकायला गावोगाव फिरली. तिच्यावर मायनं भांडेवाल्याकडून टिंबाटिंबांनी आपलं नाव घालून घेतलं होतं, 'गिरजा'. तिला अक्षर येत नव्हतं. मामाकडे राहून मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा सुट्टीत आले की ती परात मांडीवर घेऊन मला वाचायला लावायची. मी टिंबांवरून बोट फिरवत वाचायची, गि-र-जा, आणि ती म्हणायची, "आखीन एकडाव." मायची भांडी लेकीची, ही आपल्याकडची रीत. ती गेल्यावर परात माझी होती. मी नेली नाही. म्हटलं तुझा संसार नवा आहे, राहू दे माहेरी, आले की दिसेल.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू मला न्यायला आलास. शेवटचा. गाडीत तू गप्प होतास, पण तू नेहमीच गप्प असतोस, मला काय कळणार? घाटावर करंजाखाली डोंगा पालथा घातलेला होता. चेपलेली कूस तू वाळूच्या पोत्यावर धरून लाकडी मोगरीनं ठोकून सरळ केली होतीस. छान झाली होती, मी तोंडभरून म्हणणारही होते. तेवढ्यात शिवणींवर पांढरं काही दिसलं. फटी बुजवायला चुना आणि तेल मळून केलेली लांबी. त्याच्या कडेनं बारीक बुडबुडे येत होते आणि पत्रा काळा पडत होता.

"चुना काऊन लावला बे?"

"आज्यानं लावला. बापानं लावला."

"त्यायचा डोंगा लाकडाचा होता. जर्मनले चुना खाते. पानाचा चुना जर्मनच्या डबीत ठिवला होता म्या, चाळणी झाली तिची. काढ हा, आताच्या आता काढ."

आणि तू, मी उचलून आणलेला तू, मला म्हणालास, "बाईमाणसानं चुलीचं पाहावं. डोंग्याचं मी पाहीन."

तेही मी गिळलं असतं. पण मी वाकून बघत होते, आणि एका ठिगळावर मला टिंबं दिसली. 'गि'. बाकीची दोन अक्षरं पलीकडच्या ठिगळावर होती, उलटी, त्यातल्या 'र' च्या पोटातून रिबिट मारलेली. तू नावाच्या मधोमध कात्री चालवली होतीस, सुपड्या. तुला वाचता येत नव्हतं, मान्य. पण ते मायचं नाव आहे, हे तर तुला येत होतं.

मी काय काय बोलले ते घाटानं ऐकलं, त्यामुळं पुन्हा सांगत नाही. तू एवढंच म्हणालास, "माय असती तं तिनंच देली असती." मी म्हटलं, "माय असती तं तिनं देली असती. तू घेतली." काशीनं पुरणाचं केलं होतं. मी पाण्याचा घोटही न घेता गाडीवर चढले. तू मोगरी हातात घेऊन उभा राहिलास.

ते भांडण अजून संपलेलं नाही. मायनं परात दिली असती, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर जास्त चीड येते. तू मला विचारलं असतंस, 'अक्का, डोंग्याले पत्रा पाहिजे, परात घेऊ का,' तर मीही दिली असती. नाव तेवढं बाजूला काढ म्हटलं असतं, बाकी घे. पण विचारणं तुझ्या रक्तातच नाही. मागणं म्हणजे तुला हात पसरणं वाटायचं, सख्ख्या बहिणीपुढंसुद्धा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला तुझा पीळ.

दिवाळी आली. शेजारणींचे भाऊ त्यांना न्यायला आले. भाऊ न्यायला आल्याशिवाय सासुरवाशीण माहेरी जात नाही, हे तुला काय मी शिकवायचं? भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं आणि संध्याकाळी उचलून ठेवलं. पुढची अखजी गेली. मधेच गोरे गेले. मलकापूर ठेशनावर नवा झेंडा लागला, जिनात पेढे वाटले. मला वाटलं, एवढं मोठं सरकार आपला हट्ट सोडून बोटीत बसलं, आता माझा भाऊही गाडी जुंपेल. सरकार गेलं, तू काही आला नाहीस. दुसरी दिवाळीही तशीच गेली.

मासळी मात्र यायची. आपल्या गावचा गाडीवान बाजाराला आला की पळसाच्या पानात बांधलेली मरळ नाही तर वाम ओट्यावर ठेवायचा. मी विचारायची, काही म्हणला का? तो मान हलवायचा. "मलकापूरले जाते तं हे नेऊन देजो, इतलंच." एकदा ठरवलं, तशीच परत धाडायची. पण मरळ ताजी होती, आणि रागाला पोट नसतं, मला आहे. खाल्ली, आणि खाताना तुला शिव्या दिल्या. पान धुऊन त्याच पानात गरम फुटाणे बांधून गाडीवानाकडे द्यायची. ते तू खात होतास, हे काशीनं आता सांगितलं. सगळ्यांत मोठे वेचून खायचास म्हणे.

गाडीवानाकडूनच मला कळलं की डोंगा तयार झाला. तयार होऊन करंजाखाली पालथा पडून राहिला. कारण आपल्या घाटावर नवा डोंगा पाण्यात जातो तो घरच्या लेकीनं त्याची ओटी भरल्यावर. खण, नारळ, तांदूळ आत ठेवायचे, डोंग्याच्या नाकाडावर हळदकुंकू लावायचं, आणि पहिला धक्का लेकीनं द्यायचा. तुला सगळे पोरगेच, पोरगी नाही, आणि बापाची लेक मी एकटी. लोकांनी तुला सुचवलं, काशीच्या बहिणीला बोलाव. तू म्हणालास, तिचा काय संबंध? बरोबरच. तिचा काही संबंध नव्हता. आणि गाडीवानाला तू सांगितलंस, "अक्काच्या ओटीबिगर डोंगा पाण्यात जात नाही. अन् मी तिले बलावत नाही." दोन्ही गोष्टी एकाच दमात! गाडीवानानं हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. म्हटलं, जर्मनचा डोंगा दारात असताना वाळल्या भोपळ्यांच्या सांगडीवर पोट टेकून किती दिवस मासे धरशील? कंबर मोडली की येशील झक मारत. मला तर खात्रीच होती.

भादव्यात पूर्णेला पूर आला. तू आदल्या दिवशी जाळं लावून आला होतास, ते वाहून जाईल म्हणून सांगड काढलीस. काशी तुझ्या मागं धावली. तिनं मला जसं सांगितलं तसं सांगते. "मी म्हणलं, डोंगा घ्या. ते म्हणे, ओटी नाही झाली. मी म्हणलं, आज तरी घ्या, पाणी पाहा कसं हाये. ते म्हणे, लवकर येतो." वरून वाहत आलेलं बाभळीचं खोड सांगडीवर आदळलं. भोपळे फुटले, एक-एक करून वाहत गेले. तुला पोहायला मी शिकवलं, सुपड्या. मायची नजर चुकवून, त्याच डोहात. त्या शिकवण्याचा तुला इतकाच उपयोग झाला की खालच्या वळणापर्यंत तू दिसत होतास. तिथंच दुसऱ्या दिवशी सापडलास. हे सगळं होईपर्यंत डोंगा करंजाखाली पालथाच होता.

दहाव्याला दामाकाका, आपल्या बापाचा चुलतभाऊ, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लेक आली असती तं पोट्टा वाचला असता." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "भावानं बलावलं असतं तं लेक आली असती." काका म्हणाला, "मेल्यावरही भांडते काय वं त्याच्याशी?" मी म्हटलं, "हाव. भांडीन." मग बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्या. जेवायला वाढताना माझ्या पानापाशी आल्या की त्यांचं तोंड मिटायचं. तू तिकडे निवांत, आणि तुझ्या हट्टाचं गाठोडं माझ्या डोक्यावर. ते मी उचलणार नाही, हे तुला आत्ताच सांगते. माझा अपमान झाला होता, मला न्यायला यायचं तू होतास, आणि हे मी पूर्णेच्या पाण्यात उभी राहूनही सांगेन.

काकाचं म्हणणं पडलं, डोंगा अपशकुनी आहे, ओताऱ्याला द्या, तो आटवून भांडी करील. तेव्हा इतका वेळ भिंतीशी बसलेली काशी उठली. "मले त्याच्यातच बसून लेकरं जगवा लागतीन. सांगड गेली, जाळं गेलं. डोंगा हाये." आणि माझ्याकडे वळून, "अक्का, तुम्ही ओटी भरसान का?"

मी नाही म्हटलं. मायच्या नावावर ज्यानं कात्री चालवली त्याच्या डोंग्याला मी कुंकू लावणार नाही. तेरावं झाल्यावर काशीनं माझा हात धरला, घाटावर नेलं आणि डोंग्याच्या शिवणीवर माझी बोटं टेकवली. चुना नव्हता. कुठंच नव्हता. शिवणींत काळपट, चिकण, घट्ट काही भरलेलं होतं.

"तुम्ही गेल्या त्याच दिवशी बसले खरवडाले," काशी म्हणाली. "सारा चुना काढला, तीनदा धुतलं. मग राळ अन् करंजाचं तेल कढवलं, ते भरलं. मी इचारलं, आता काऊन काढता? तं म्हणे, अक्का म्हणते तं खरं असन."

अक्का म्हणते तं खरं असन! हे तू काशीला सांगितलंस. करंजाला सांगितलंस, डोंग्याला सांगितलंस. मरळ मलकापूरपर्यंत येते, वाम येते, आणि एवढे चार शब्द येत नाहीत? मी त्या चार शब्दांवर सगळी परात सोडून दिली असती. तू माझी गाठ सोडून पुन्हा बांधायचास ना, तसाच गुपचूप माझा शब्द ऐकलास, आणि मला कळू दिलं नाहीस. मला तिथंच तुझी कॉलर धरून हलवावंसं वाटलं. कोणाची धरणार?

मग मी काशीला हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. आणि दुसरंही एक कारण होतं, ते तिलाही माहीत नाही. मला तो डोंगा गळायला हवा होता.

विचार कर. कापलेल्या परातीची ठिगळं, काही तास का होईना चुन्यानं खाल्लेला पत्रा, ज्यानं जन्मात कधी रिबिट मारली नाही त्याच्या हातच्या रिबिटा. दोन उन्हाळे उघड्यावर. गळणारच. आणि तो गळला की सगळं मिटलं. मग मी आले असते, ओटी भरली असती, तरी तू वाचला नसतास. काकाचं तोंड बंद, बायकांची तोंडं उघडी, आणि मी मोकळी. तूही मोकळा. मग तुझा हट्ट हा नुसता हट्ट, त्यानं कोणाचा जीव गेला नाही. पूर उतरून डोह शांत झाला होता, काठाला पाणी कमरेएवढं होतं, काशी मासोळीसारखी पोहते, तिला धोका नव्हता. मी खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. नाकाडाला हळदकुंकू लावलं. आणि हात जोडून मनात म्हटलं, पूर्णामाय, याच्यात पाणी येऊ दे.

काशी विधवा, तिनं लांब उभं राहावं, असं काका म्हणाला. मी जाऊन तिला मनगटाला धरून आणलं आणि म्हटलं, "ढकल माह्यासंग." आम्ही दोघींनी ढकलला. वाळूवर करकर वाजला आणि मग एकदम वाजायचा थांबला. काशी आत चढली, बांबू टेकवला आणि निघाली. मी काठावर उभी राहून तळाकडे डोळे लावले होते. ती डोहाच्या मध्यावर गेली. पलीकडच्या काठाला टेकली. परत आली. तिनं आत वाकून हात फिरवला आणि म्हणाली, "अक्का, कोरडा हाये."

मला खरं वाटेना. मी लुगडं खोचून आत चढले. गुडघे टेकले. एकेका ठिगळाला, एकेका रिबिटीला बोट लावून बघितलं. मायच्या नावातल्या टिंबांवरून बोट फिरवलं. मग पदर सोडला आणि तळावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत नेला, आणि पिळून बघितला. एक थेंब निघाला नाही. डोंगा पक्का होता, सुपड्या. तू तो पक्का केला होतास. त्या दिवशीच्या पुरातही तो टिकला असता. बाभळीचं खोड लागलं असतं तर कुशीला एक पोचा पडला असता आणि तू शिव्या घालत घरी आला असतास.

मी त्या डोंग्यावर दोन्ही मुठी आपटल्या. काका काठावरून काहीतरी ओरडत होता, ते मला ऐकू आलं नाही. सगळ्या गावादेखत, जिकडं तू वाहून गेलास त्या वळणाकडे तोंड करून मी ओरडले, "अबे, एकडाव 'अक्का ये' म्हणायले तुले काय झालं होतं? गाडीही नसती लागली. मी पायी आली असती."